अतिशीत अणुवायू आणि तापमानाचे दुहेरी कार्य

स्मरणिकेच्या पानांवर संस्थेची वाटचाल, गुरुजनांचे ऋण आणि माजी विद्यार्थ्यांचे कर्तृत्व यांची नोंद होते व ती व्हायलाच हवी. तिच्या शेजारी एखादा निखळ विज्ञानाचा लेखही असावा, असे आम्हांस वाटते. ज्या समाजाला ज्ञानाची दारे पिढ्यान्‌पिढ्या बंद होती, त्या समाजातील मुलांना विज्ञानाचा उंबरठा दाखवून थांबणे पुरेसे नाही. ज्ञान आज जेथवर पोहोचले आहे ती सीमारेषाही त्यांना आपल्या भाषेत पाहता आली पाहिजे. म्हणून या लेखासाठी आम्ही मुद्दाम एक अवघड वाटणारा विषय घेतला आहे : परस्परांवर तीव्र प्रभाव टाकणारे अतिशीत अणुवायू आणि त्यांच्यावर होणारा तापमानाचा परिणाम.

तापमान आणि अणूचा पसारा

तापमान म्हणजे कणांच्या अव्यवस्थित हालचालीचे माप, हे आपण शाळेत शिकतो. आपल्या खोलीतील हवेचे रेणू सेकंदाला सुमारे ५०० मीटर वेगाने धावत असतात. वायू थंड होत जातो तशी ही धावपळ मंदावते. उणे २७३.१५ अंश सेल्सिअस ही थंडाव्याची शेवटची मर्यादा होय. तिला निरपेक्ष शून्य म्हणतात आणि केल्विन मापनश्रेणी तेथून सुरू होते. तारकांमधील रिकामे अवकाशही या मर्यादेच्या सुमारे २.७ केल्विन वर आहे. आपण ज्या वायूंविषयी बोलत आहोत, त्यांचे तापमान नॅनोकेल्विनमध्ये, म्हणजे एका केल्विनच्या शंभर कोटीव्या भागात मोजतात. १०० नॅनोकेल्विन तापमानाला लिथियमचा अणू सेकंदाला जेमतेम दोन सेंटीमीटर सरकतो. ही मुंगीची चाल झाली.

गती मंदावली की आणखी एक गोष्ट घडते आणि पुढील सारे विवेचन तिच्यावर उभे आहे. क्वांटम भौतिकीनुसार प्रत्येक कणाला तरंगाचेही रूप असते. कण जितका मंद, तितका त्याचा तरंग लांब. तापमान एक चतुर्थांश केले की ही तरंगलांबी दुप्पट होते. खोलीच्या तापमानाला ती रेणूंमधील अंतरापेक्षा पुष्कळच लहान असते, त्यामुळे रेणू छोट्या गोट्यांसारखे वागतात. १०० नॅनोकेल्विनला मात्र लिथियमच्या अणूचा तरंग सुमारे दोन मायक्रोमीटर पसरतो, आणि अणूंमधील सरासरी अंतर साधारण एक मायक्रोमीटर असते. शेजाऱ्यांचे तरंग एकमेकांवर चढतात. हा अणू येथे आणि तो अणू तेथे, असे सांगण्याला मग फारसा अर्थ उरत नाही.

एका खाटेवर एकच

निसर्गातील कणांचे दोन कुळांत वर्गीकरण होते. बोसॉन कुळातील कण कितीही संख्येने एकाच अवस्थेत राहू शकतात. फर्मिऑन कुळातील दोन एकसारखे कण एका अवस्थेत कधीच राहत नाहीत. निवासी शाळेच्या वाचकांना हा भेद सहज उमजेल. सभागृहात एकच मोठी सतरंजी अंथरली तर सगळी मुले तिच्यावर दाटीवाटीने बसतात, हे बोसॉन. वसतिगृहात मात्र एका खाटेवर एकच विद्यार्थी. तळमजला भरला की पुढच्याला पहिल्या मजल्यावर, मग दुसऱ्या मजल्यावर जावे लागते, हे फर्मिऑन. सारे वसतिगृह गाढ झोपले असले, तरी शेवटी आलेला विद्यार्थी वरच्याच मजल्यावर असतो. त्याचप्रमाणे निरपेक्ष शून्यालाही फर्मिऑनांजवळ ऊर्जा शिल्लक राहते. या सर्वांत वरच्या भरलेल्या मजल्याची उंची तापमानाच्या भाषेत सांगितली की तिला फर्मी तापमान म्हणतात. ते वायूच्या घनतेवर ठरते. एका घनसेंटीमीटरमध्ये एक लाख कोटी लिथियम अणू असतील, तर ते ४०० नॅनोकेल्विनच्या आसपास येते.

बोसॉनांचे गणित प्रथम मांडले सत्येंद्रनाथ बोस यांनी. १९२४ साली ते ढाका विद्यापीठात अध्यापन करीत होते आणि त्यांच्याजवळ डॉक्टरेट नव्हती. त्यांनी आपला लेख थेट आइन्स्टाइन यांना पाठविला. आइन्स्टाइन यांनी स्वतः त्याचे जर्मन भाषांतर करून तो प्रसिद्ध करविला आणि त्याच विचाराचा विस्तार करून, पुरेशा थंडाव्यात असंख्य अणू एकाच अवस्थेत गोळा होतील, असे भाकीत केले. ते प्रत्यक्षात यायला सत्तर वर्षे लागली. १९९५ मध्ये अमेरिकेतील बोल्डर येथे एरिक कॉर्नेल व कार्ल वाइमन यांनी रुबिडियमच्या अणूंमध्ये, आणि काही महिन्यांनी एमआयटीत वोल्फगांग केटर्ले यांनी सोडियमच्या अणूंमध्ये ही अवस्था घडवून दाखविली. २००१ चे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळाले. फर्मिऑनांचा असाच क्वांटम वायू १९९९ साली बोल्डर येथेच डेबोरा जिन व ब्रायन डीमार्को यांनी पोटॅशियमच्या अणूंपासून तयार केला.

इतके थंड कसे करतात

कोणत्याही शीतकपाटाने हे साधत नाही. पहिल्या टप्प्यात लेसरचा प्रकाश वापरतात. त्याचा रंग असा निवडलेला असतो की प्रकाशाच्या दिशेने येणारा अणूच तो अधिक शोषतो आणि प्रत्येक शोषणागणिक त्याला उलट दिशेचा हलका धक्का बसतो. सर्व बाजूंनी असे धक्के बसले की अणू मंदावतात. या तंत्रासाठी १९९७ चे नोबेल पारितोषिक स्टीव्हन चू, क्लोद कोहेन-तानुजी व विल्यम फिलिप्स यांना देण्यात आले. दुसरा टप्पा आपल्या घरच्या माठाच्या तत्त्वावर चालतो. माठातून पाझरलेल्या पाण्यातील अधिक ऊर्जेचे रेणू वाफ होऊन निघून जातात आणि मागे राहिलेले पाणी थंड होते. निर्वात पात्रात चुंबकीय क्षेत्राने किंवा प्रकाशाने बनविलेल्या सापळ्याचा काठ हळूहळू खाली आणला की सर्वांत चपळ अणू निसटतात आणि उरलेले एकमेकांवर आदळत अधिकाधिक थंड होतात. उरणारा वायू हवेपेक्षा लाखो पटींनी विरळ असतो. एवढा विरळ असल्यामुळेच तो गोठून घन होण्यापूर्वी प्रयोगाला पुरेसा वेळ मिळतो.

आंतरक्रियेची कळ

इतक्या विरळ वायूतील अणू एकमेकांवर फारसा प्रभाव टाकणार नाहीत, असे कोणालाही वाटेल. परंतु येथे शास्त्रज्ञांच्या हाती एक विलक्षण कळ आहे. बाहेरून लावलेल्या चुंबकीय क्षेत्राचे मूल्य बदलून दोन अणूंमधील आंतरक्रिया क्षीण किंवा तीव्र, आकर्षक किंवा प्रतिकर्षक करता येते. याला फेशबाख अनुस्पंदन म्हणतात. वस्तुमानांक ६ असलेल्या लिथियमच्या दोन विशिष्ट अवस्थांतील अणूंसाठी हे अनुस्पंदन सुमारे ८३२ गॉस क्षेत्राला घडते. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास असते, यावरून तुलना करता येईल.

या नेमक्या बिंदूवर आंतरक्रिया क्वांटम भौतिकी परवानगी देते तितकी तीव्र होते. तेथे अणूचा अंगभूत तपशील, म्हणजे त्याचा आकार किंवा बलाचा पल्ला, हिशेबातून गळून पडतो. उरतात दोनच लांब्या : अणूंमधील अंतर आणि तापमानाने ठरणारी तरंगलांबी. म्हणून अशा वायूचे गुणधर्म एकाच गुणोत्तरावर अवलंबून राहतात, ते म्हणजे प्रत्यक्ष तापमान भागिले फर्मी तापमान. हे गुणोत्तर समान असेल तर लिथियमचा वायू आणि पोटॅशियमचा वायू एकाच नियमाने वागतात. न्यूट्रॉन ताऱ्याच्या कवचातील विरळ न्यूट्रॉन द्रव्यालाही हाच नियम बऱ्याच अंशी लागू पडतो. प्रयोगशाळेतील मेजावर ताऱ्याच्या अंतरंगाचा अभ्यास होतो, तो या साम्यामुळे.

तापमानाची दोन कामे

सामान्य वायूत तापमान एकच काम करते. ते अणूंचा वेग ठरविते. अणूंचा आकार जवळपास ठरलेला असतो. तीव्र आंतरक्रियेच्या वायूत मात्र तापमान वेग ठरविते आणि आंतरक्रियेची तीव्रताही ठरविते. कारण येथे टक्कर होण्यासाठी एका अणूने दुसऱ्यासमोर धरलेले लक्ष्य त्याच्या तरंगाएवढे असते, आणि तरंगाची लांबी तापमानावर अवलंबून असते. तापमान निम्मे केले की या लक्ष्याचे क्षेत्रफळ दुप्पट होते. थोडक्यात, वायू थंड होतो तसे त्यातील अणू मंद होतात आणि एकमेकांना अधिक मोठे दिसू लागतात. आमच्या मते या विषयाचे सारे मर्म या दुहेरी कार्यात आहे.

त्याचा पडताळा श्यानतेत, म्हणजे प्रवाहाच्या चिकटपणात मिळतो. गुळाचा पाक किंवा तेल तापविले की पातळ होते. द्रवाची श्यानता तापमानाबरोबर घटते. वायूचे उलट आहे. त्याची श्यानता तापमानाबरोबर वाढते. साध्या गोट्यांसारख्या अणूंच्या वायूचे तापमान चौपट केले तर श्यानता दुप्पट होते. तीव्र आंतरक्रियेच्या वायूत वेगाचा हा परिणाम असतोच, शिवाय लक्ष्य चौपट लहान होते; म्हणून श्यानता दुप्पट न होता आठपट व्हायला हवी. अमेरिकेतील जॉन थॉमस यांच्या गटाने २०११ साली लिथियमच्या वायूवर मोजमापे घेतली, तेव्हा चढ्या तापमानाच्या भागात श्यानतेने हाच नियम पाळला. हिशेब आणि निसर्ग असे जुळतात तेव्हा विज्ञानावरचा विश्वास कोणाच्या अधिकारवाणीवर टेकलेला राहत नाही.

उतरणीवरील टप्पे

आता फर्मिऑनांचा तीव्र आंतरक्रियेचा वायू क्रमाने थंड करीत जाऊ.

प्रत्यक्ष तापमान फर्मी तापमानाहून बरेच वर असते तेव्हा तरंग आखूड असतात, लक्ष्य लहान असते आणि वायू बहुतांशी सामान्य वायूसारखा वागतो.

तापमान फर्मी तापमानाच्या जवळ आले की अणूंचा स्वतंत्र प्रवास संपुष्टात येतो. एका टकरीपासून दुसरीपर्यंतचे अंतर शेजारच्या अणूच्या अंतराएवढेच उरते. हा वायू असूनही द्रवासारखा वाहतो. थॉमस यांच्या गटाने २००२ मध्ये सिगारच्या आकाराच्या सापळ्यातून असा वायू मोकळा सोडला, तेव्हा तो लांबीच्या दिशेने जवळजवळ स्थिर राहिला आणि रुंदीच्या दिशेने झपाट्याने फुगला. मुक्तपणे उडणारे अणू असे कधीच करीत नाहीत. दाबाने ढकललेला प्रवाही पदार्थ करतो. याच पट्ट्यात श्यानता व एन्ट्रॉपी यांचे गुणोत्तर ज्ञात पदार्थांमधील सर्वांत कमी मूल्यांपर्यंत उतरते. त्याच्या तोडीचा दुसरा पदार्थ आहे क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा. अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत सोन्याच्या अणुकेंद्रांच्या टकरींतून तो घडतो आणि त्याचे तापमान सुमारे चार लाख कोटी अंश असते. विश्वातील सर्वांत थंड आणि सर्वांत उष्ण पदार्थांपैकी हे दोघे वाहण्याच्या बाबतीत भावंडे निघावेत, ही आम्हांस या विषयातील सर्वांत विस्मयकारक गोष्ट वाटते.

आणखी खाली उतरताना विरुद्ध अवस्थांतील अणू जोड्या जुळवू लागतात. या जोड्या अतिप्रवाही अवस्थेच्या आधीच जुळतात की तिच्याबरोबर, यावर दीर्घकाळ वाद होता. २०२४ साली चीनमधील शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत, संक्रमणाच्या वरच्या तापमानालाही जोड्यांची खूण स्पष्ट दिसली.

मग येतो निर्णायक बिंदू. मार्टिन झ्विर्लाइन यांच्या एमआयटीतील गटाने २०१२ मध्ये दाखविले की तापमान फर्मी तापमानाच्या सुमारे ०.१६७ पट झाले की उष्माधारकतेचा आलेख एकाएकी उसळून टोकदार होतो. आपल्या उदाहरणातील ४०० नॅनोकेल्विनच्या वायूसाठी हा बिंदू सुमारे ६७ नॅनोकेल्विनला येईल. द्रवरूप हेलियममध्ये असाच टोकदार आलेख २.१७ केल्विनला आढळतो. या बिंदूखाली वायू अतिप्रवाही होतो, म्हणजे त्याचा एक भाग कोणत्याही अडथळ्याविना वाहू लागतो. त्याचा दृश्य पुरावा याच संस्थेत २००५ साली मिळाला होता. अतिप्रवाही वायू ढवळला की तो बादलीतील पाण्यासारखा सरसकट फिरत नाही; त्यात बारीक भोवऱ्यांची सुबक, समान अंतरांची जाळी उमटते.

अतिप्रवाही अवस्थेत उष्णतेचे वर्तनही पालटते. तव्याच्या एका कडेला दिलेली उष्णता हळूहळू पसरत जाते, हा आपला नित्याचा अनुभव. अतिप्रवाहीत ती ध्वनीप्रमाणे लाट होऊन प्रवास करते. या लाटेला ‘दुसरा ध्वनी’ म्हणतात. इन्सब्रुक येथील शास्त्रज्ञांनी इटलीतील त्रेन्तो येथील सहकाऱ्यांसह २०१३ मध्ये ती अशा वायूत टिपली आणि २०२४ मध्ये एमआयटीच्या गटाने वायूमध्ये उष्णता मागे-पुढे हेलकावताना थेट चित्रित केली.

निरपेक्ष शून्याजवळही या वायूजवळ ऊर्जा उरतेच. आंतरक्रिया नसलेल्या फर्मी वायूच्या तुलनेत ती सुमारे ०.३७६ पट भरते. वसतिगृहाच्या भाषेत सांगायचे तर परस्पर आकर्षणामुळे सारी इमारतच खाली बसते, पण जमीनदोस्त होत नाही.

बोसॉनांची उलटी कथा

हीच कळ बोसॉनांच्या वायूवर फिरविली तर काय होईल? येथे थंडावा घातक ठरतो. तीन अणू एकत्र आले की त्यांतील दोघांचा रेणू बनतो आणि सुटलेल्या ऊर्जेमुळे रेणू व तिसरा अणू दोघेही सापळ्याबाहेर फेकले जातात. घनता तीच ठेवून तापमान निम्मे केले की ही हानी चौपट वेगाने होते. पॅरिस येथे लिथियम-७ वर आणि केंब्रिज येथे पोटॅशियम-३९ वर झालेल्या प्रयोगांतून २०१३ साली हा नियम प्रसिद्ध झाला. फर्मिऑनांचा वायू मात्र टिकतो, कारण अवस्था दोनच असल्याने कोणत्याही तीन अणूंपैकी दोन तरी एकसारखे असतात, आणि एकसारख्यांना एका जागी येण्याची मनाई आहे. जो नियम वरवर बंधन वाटतो, त्याच्यामुळेच हा वायू जिवंत राहतो.

तापमापक कोठे लावायचा?

एक साधा प्रश्न चाणाक्ष विद्यार्थी हमखास विचारील : हे तापमान मोजतात कसे? वायूला काहीही स्पर्श झाला तर तो क्षणात तापेल. म्हणून त्याच्यावर प्रकाश टाकून सावलीचे छायाचित्र घेतात. विरळ, सामान्य वायू सापळ्यातून सोडल्यावर किती वेगाने पसरतो यावरून तापमान कळते. तीव्र आंतरक्रियेच्या वायूत हा मार्ग फसवा ठरतो, कारण येथे दाबही पसरण्याला हातभार लावतो. २०१२ च्या प्रयोगाची खरी कमाई येथे आहे. त्यांनी सापळ्यात ठिकठिकाणी घनता किती आहे एवढेच अचूक मोजले, त्यावरून दाब आणि संपीड्यता काढली आणि तापमान हिशेबातून मिळविले. पुढे २०२४ च्या प्रयोगात, विशिष्ट रेडिओ लहरींना अणू किती प्रतिसाद देतात यावरून वायूच्या प्रत्येक बिंदूचे तापमान वाचता आले.

उपयोग काय?

हा प्रश्न पालक विचारतील आणि तो रास्त आहे. रुग्णालयातील एमआरआय यंत्राचा चुंबक अतिसंवाहक तारेचा असतो. तिच्यातून वीज विनारोध वाहते. त्यासाठी ती द्रवरूप हेलियमने सुमारे ४ केल्विनपर्यंत थंड ठेवावी लागते. हेलियम दुर्मीळ आणि महाग आहे. यंत्र तालुक्याच्या गावी न पोहोचण्याच्या कारणांत या खर्चाचाही वाटा आहे. अतिसंवाहकता म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांची अतिप्रवाहिता होय. १९११ मध्ये ती पाऱ्यात सुमारे ४.२ केल्विनला प्रथम आढळली, आणि सामान्य दाबाखाली ती आजवर १३३ केल्विनच्या आसपास पोहोचली आहे. धातूंतील इलेक्ट्रॉनांचे फर्मी तापमान हजारो केल्विन असते. त्याच्या ०.१६७ पट तापमानाला अतिसंवाहकता मिळाली असती, तर घरातल्या साध्या तारांतही ती नांदली असती. धातूची रचना अणुवायूइतकी निर्भेळ नाही, म्हणून हे गुणोत्तर जसेच्या तसे उचलता येत नाही. पण निसर्गाने इतके चढे गुणोत्तर नाकारलेले नाही, एवढे या वायूने सिद्ध केले आहे. शोधकर्त्यांची आशा त्यावर टिकून आहे.

आपल्या मुलांसाठी

अशा विषयावर लिहिताना, हे सारे तथागतांनी पूर्वीच सांगितले होते, असे म्हणण्याचा मोह काहींना होतो. आम्ही तो टाळतो. धम्माला असल्या दाखल्यांची गरज नाही आणि विज्ञानालाही नाही. परंपरेने आले म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून काही मान्य करू नये, पारखून घ्यावे, हा कालामांना केलेला उपदेश मात्र प्रयोगशाळेच्या दारावर शोभावा असा आहे. कोणतीही गोष्ट स्वयंभू नसून कारणांवर व परिस्थितीवर अवलंबून असते, असे पाहण्याची सवय ज्या मुलांना लहानपणापासून लागली आहे, त्यांना हा विषय परका वाटू नये. अणूंच्या वर्तनातून समाजासाठी उपदेश काढणे हाही एक मोहच. तोही आम्ही बाजूला ठेवतो.

व्यवहाराची माहिती मात्र देणे आवश्यक आहे. पुण्याची आयसर आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था येथे अतिशीत अणूंवर प्रत्यक्ष काम चालते. आयसरमध्ये बारावीनंतर पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम आहे आणि प्रवेशासाठी स्वतंत्र अभिरुची चाचणी द्यावी लागते. केंद्र शासनाने एप्रिल २०२३ मध्ये मंजूर केलेल्या राष्ट्रीय क्वांटम अभियानासाठी सुमारे ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. या वाटेवर लागणारी शिदोरी फार वेगळी नाही : अकरावी-बारावीचे गणित मन लावून केलेले, भौतिकीचे प्रयोग स्वतःच्या हाताने केलेले, आणि न समजलेले पुन्हा विचारण्याची भीड चेपलेली. पहिल्या दोन गोष्टी विद्यार्थ्याने करावयाच्या आहेत. तिसरी आपण सर्वांनी, पालकांनी, शिक्षकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी, त्याला मिळवून द्यावयाची आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी जे विज्ञान व तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात आहेत, त्यांनी वर्षातून एक दिवस वसतिगृहातील मुलांसाठी राखून ठेवावा, अशी आमची त्यांना विनंती आहे. संस्थेच्या पुढील वाटचालीस आमच्या मंगल कामना.